शीर्षकपानाच्या मागे

कपाटातलं कुठलंही मराठी पुस्तक काढा. मुखपृष्ठ उलटा, शीर्षकपान उलटा आणि त्याच्या पाठीमागचं पान बघा. बारीक टायपातलं, सहसा कोणी न वाचणारं पान. त्यावर आवृत्ती असते, किंमत असते, मुखपृष्ठ कोणी काढलं ते असतं. त्या गर्दीत दोन ओळी जवळपास हमखास सापडतात. एक म्हणजे 'सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन'. दुसरी म्हणजे 'मुद्रक', आणि पुढे एखाद्या छापखान्याचं नाव-गाव.

पहिल्या ओळीचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. पण दुसरी? छापखाना कोणता होता हे वाचकाला कळून काय उपयोग? पानं सुटी झाली तर आपण पुस्तकाच्या दुकानात जातो किंवा प्रकाशकाला फोन करतो. मुद्रकाच्या दारात कोणी जात नाही. तरी पिढ्यानपिढ्या तो पत्ता छापला जातोय. कोणासाठी?

या दोन ओळी सख्ख्या बहिणी आहेत. दोघी एकाच घरात वाढल्या, पुढे एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि त्यांची ताटातूट झाली ती दोन राजकीय पक्षांच्या भांडणात. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी दिवस भेटेल त्याला ती सांगत सुटलो होतो.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, १५५७ साली. गादीवर मेरी राणी, कट्टर कॅथलिक. तिची डोकेदुखी होती छापखाने. प्रोटेस्टंट मतांची पुस्तकं, पत्रकं कुठून छापून येतात तेच कळायचं नाही. आजच्यासारखं पोलीसदल तेव्हा नव्हतं. तळघरातला छापखाना शोधायचा कोणी? कोणाच्या दुकानात रात्री दिवा जळतो, कोणी नवे खिळे आणले, कोणी कागद जास्त घेतला, हे एका माणसाला नक्की ठाऊक असतं. शेजारच्या छापखानेवाल्याला!

मग सरकारने एक करार केला. लंडनच्या छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघाला, स्टेशनर्स कंपनीला, ४ मे १५५७ रोजी राजसनद मिळाली. सनदेत ९७ जणांची नावं होती. थोडे अपवाद सोडले तर देशात छपाई करायची ती याच कंपनीच्या लोकांनी. बदल्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कुठल्याही छापखान्यात शिरावं, झडती घ्यावी, बेकायदा छापलेलं जप्त करावं, जाळावं.

या कराराची चतुराई बघा. आमराईच्या राखणदाराला पगार देण्याऐवजी सगळे आंबेच बहाल करावेत तसं हे. राखणदार आता रात्रंदिवस जागणार. मालकाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या आंब्यांपायी. राजसत्तेला नको असलेलं पुस्तक आणि कंपनीचा धंदा बुडवणारं पुस्तक, दोन्ही एकाच झडतीत सापडणार. सेन्सॉर आणि मक्तेदारी एकाच कुलपाच्या आत, आणि किल्ली एकच.

पुढच्याच वर्षी मेरी वारली. एलिझाबेथ आली, ती प्रोटेस्टंट. देशाचा धर्म उलटा फिरला. आता ती सनद रद्द होणार असंच कोणालाही वाटेल. एलिझाबेथने १५५९ मध्ये ती कायम केली! राखणदार तोच राहिला, कोणाला हाकलायचं तेवढं बदललं.

कंपनीच्या सभागृहात एक नोंदवही असे. सभासदाने काही पैसे भरून पुस्तकाचं नाव त्यात घातलं की ती 'कॉपी' त्याची. कॉपी म्हणजे छापायला घेतलेली संहिता, आणि ती छापण्याचा हक्कही. कॉपीराइट या शब्दाचं मूळ इथे आहे. तो हक्क मुलाला देता येई, विकता येई, लग्नात जावयालाही देता येई. शेक्सपिअरची कितीतरी नाटकं या वहीत नोंदलेली आहेत. नोंदवणारे मात्र पुस्तकविक्रेते. लिहिणाऱ्याने संहिता एकदा विकली की त्याचा संबंध संपला. ज्याच्या डोक्यातून पुस्तक निघालं त्याच्यासाठी त्या व्यवस्थेत जागाच नव्हती.

जागा एकाच ठिकाणी होती. शिक्षा द्यायची असेल तेव्हा लेखक लगेच आठवायचा.

मधल्या यादवी युद्धाच्या काळात हे कुलूप काही दिवस उघडलं. १६४१ मध्ये राजाचं कुप्रसिद्ध 'स्टार चेंबर' न्यायालय बंद झालं आणि लंडनमध्ये पत्रकांचा पूर आला. जॉर्ज थॉमसन नावाचा एक पुस्तकविक्रेता जे निघेल ते जमवत गेला. वीस वर्षांत त्याच्याकडे बावीस हजारांच्या आसपास पत्रकं, पुस्तिका, बातमीपत्रं जमली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण राजाशी लढणाऱ्या पार्लमेंटलाही हा मोकळेपणा सोसला नाही. १६४३ मध्ये त्यांनीच परवाना पुन्हा आणला, आणि त्यासाठी गळ घालणाऱ्यांत कंपनी आघाडीवर होती. त्याविरुद्ध कवी जॉन मिल्टनने १६४४ मध्ये एक निबंध छापला. परवाना न घेता! त्याच निबंधात त्याने प्रत्येकाची कॉपी ज्याची त्याच्याकडे राहावी हेही मान्य केलं होतं. सेन्सॉर नको पण हक्क असावा, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे त्याने त्या गोंधळात पाहिलं होतं. पुढे 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याचे हक्क त्याने १६६७ मध्ये विकले. हातात आले पाच पौंड, आणि पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी पाच. ते पाच पौंड लक्षात ठेवा.

यादवी युद्धात गेलेली राजेशाही परत आली आणि १६६२ मध्ये परवान्याचा नवा, कडक कायदा झाला. कायद्याचं पुस्तक असेल तर परवाना न्यायाधीशांकडून, इतिहासाचं असेल तर मंत्र्याकडून, धर्माचं असेल तर आर्चबिशपकडून. आणि प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव सक्तीचं. छापखान्यांवर नजर ठेवायला रॉजर लेस्ट्रेंज नावाचा देखरेख अधिकारी नेमला गेला.

१६६३ च्या ऑक्टोबरात, पहाटे उजाडायच्या आत, लेस्ट्रेंजची माणसं जॉन ट्विन नावाच्या मुद्रकाच्या दाराशी उभी राहिली. आत यंत्राचा आवाज येत होता. दार ठोठावल्यावर आत पळापळ झाली. ट्विनने जुळवलेला फर्मा मोडून टाकला. घाईत मोडायचा तेवढा मोडला, एक कोपरा मात्र तसाच राहिला. शाई अजून ओली होती. जनतेला जाब न देणाऱ्या राजाविरुद्ध उठायचा जनतेला हक्क आहे, अशा अर्थाचं ते पुस्तक होतं. लेखकाचं नाव सांग म्हणून ट्विनला विचारलं गेलं. त्याने सांगितलं नाही. फेब्रुवारी १६६४ मध्ये त्याला फाशी दिलं, देहाचे तुकडे केले, आणि ते शहराच्या वेशींवर टांगले. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचे खिळे जुळवले एवढ्यासाठी.

अशी यंत्रणा कशी मोडते? स्वातंत्र्याच्या एखाद्या थोर घोषणेने? इथेच खरी गंमत आहे. ती मोडली पक्षांच्या भांडणात, आणि बरीचशी पेट्यांच्या, फीच्या आणि इसापनीतीच्या तक्रारींवर.

१६७९ च्या सुमारास राजाच्या कॅथलिक भावाला गादी मिळू द्यावी की नाही यावरून पार्लमेंट दुभंगलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांना शिव्या हासडल्या, आणि त्या शिव्याच पुढे पक्षांची नावं झाल्या. 'व्हिग' म्हणजे स्कॉटलंडमधले बंडखोर, 'टोरी' म्हणजे आयर्लंडमधले दरोडेखोर. आपली वर्तमानपत्रं ज्याला हुजूर पक्ष म्हणत आली, तो याच टोरींचा वारस. या धुमश्चक्रीत पार्लमेंटचं अधिवेशन गुंडाळलं गेलं आणि परवान्याच्या कायद्याची मुदत वाढवायची राहूनच गेली. सहा वर्षं कायदा नव्हता. १६८५ मध्ये तो परत आणला.

मग १६९३ उजाडलं. एडमंड बोहून नावाच्या टोरी परवाना-अधिकाऱ्याने एक निनावी पुस्तिका छापायला मंजुरी दिली. नवे राजा-राणी विल्यम आणि मेरी यांनी इंग्लंड 'जिंकून' घेतलं, असं तिचं प्रतिपादन होतं. बोहूनला ते पटलं होतं. पार्लमेंट मात्र भडकलं. आम्ही बोलावलं म्हणून हे राजे झाले, जिंकलं कसलं? पुस्तिका जाळायचा हुकूम सुटला आणि परवाना देणारा स्वतः अटकेत गेला. जो इतरांचं तोंड बंद करायला बसवला होता त्याचंच चुकलं, असं एकदा घडलं की सगळ्या पक्षांच्या मनात एक प्रश्न येतो. उद्या या खुर्चीवर समोरच्यांचा माणूस बसला तर? त्या वर्षी कायद्याला मुदतवाढ मिळाली, पण फक्त दोन वर्षांची.

तत्त्वज्ञ जॉन लॉक हा सगळा प्रकार बघत होता. त्याला मुलांसाठी लॅटिन आणि इंग्रजी शेजारी-शेजारी असलेली इसापनीती छापून हवी होती. प्राचीन लेखकांवर कंपनीची मक्तेदारी असल्यामुळे ती अडली. हजारो वर्षांपूर्वीच्या कोल्ह्या-कावळ्याच्या गोष्टी, आणि त्यांचा मालक लंडनमधला एक संघ! लॉकने खासदार मित्र एडवर्ड क्लार्कसाठी एक टिपण लिहिलं. त्यात त्याने सुचवलं की हक्क द्यायचाच तर लेखकाच्या मृत्यूनंतर किंवा पहिल्या छपाईनंतर ठरावीक वर्षांपुरता द्यावा, समजा ५० किंवा ७० वर्षं.

हे आकडे वाचून मी थबकलो. आज जगातल्या बहुतेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर कॉपीराइट किती वर्षं टिकतो? कुठे ५०, कुठे ७०. भारतात ६०, म्हणजे बरोब्बर मध्ये! सव्वातीनशे वर्षांपूर्वी एका वैतागलेल्या माणसाने 'समजा' म्हणून लिहिलेले आकडे.

१६९५ मध्ये कॉमन्स सभेने कायद्याला मुदतवाढ नाकारली. कारणं अठरा दिली. ती वाचताना माणूस विचारस्वातंत्र्यावरचं एखादं तेजस्वी वाक्य शोधत राहतो. ते सापडत नाही. सापडतं ते असं : परदेशातून आलेल्या पुस्तकांची पेटी परवाना-अधिकाऱ्यासमोरच उघडायची असा नियम आहे, पण उघडल्याशिवाय पेटीत पुस्तकं आहेत हे अधिकाऱ्याला कळणार कसं? फी किती ते ठरलेलं नाही. घरांच्या झडत्या होतात. माल गोदीत अडकतो. इंग्लंडमध्ये छपाईपूर्व परवाना गेला तो असल्या हिशेबी तक्रारींवर. मोठमोठ्या तत्त्वांवर दोन्ही पक्षांचं कधीच जमलं नसतं. पेटीच्या कुलपावर जमलं.

तोंडं मोकळी झाली. त्याच वर्षी 'पोस्ट बॉय' निघालं, ते टोरींच्या बाजूचं, आणि 'फ्लाइंग पोस्ट', ते व्हिगांच्या बाजूचं. कॉफीहाउसांत एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं. मार्च १७०२ मध्ये 'डेली कुरंट' हे इंग्लंडचं पहिलं दैनिक आलं, एका कागदाचं.

पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली होती. कुलूप एकच होतं ना? सेन्सॉर गेला आणि त्याच्याबरोबर 'ही कॉपी माझी' म्हणण्याचा आधारही गेला. आता कोणीही कोणाचंही छापू शकत होता.

आणि इथे आपल्या गोष्टीत डॅनिएल डिफो येतो. 'रॉबिन्सन क्रुसो' अजून लिहायचा होता. तेव्हा तो राजकीय पत्रकं लिहायचा आणि सतत अडचणीत असायचा. १७०१ मधल्या त्याच्या एका उपरोधिक काव्याच्या चोरट्या प्रती रस्त्यावर पेनी-दोन पेनीला विकल्या गेल्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ८०,००० प्रती! त्याला त्यातून एक दमडी मिळाली नाही. पुढच्या वर्षी त्याने निनावी पत्रक काढलं, कडव्या टोरींचा आव आणून त्यांच्याच मताची टर उडवणारं. त्याबद्दल राजद्रोहाचा खटला झाला आणि १७०३ च्या जुलैत तीन दिवस त्याला भर चौकात खोड्यात उभं केलं. परवाना गेला होता. छापल्यानंतरची शिक्षा शिल्लक होती.

एकाच लेखकाच्या वाट्याला दोन अनुभव. कमाईच्या वेळी त्याला कोणी ओळखत नाही आणि शिक्षेच्या वेळी बरोब्बर शोधून काढतात. त्यातून त्याला जे सुचलं ते मला या साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर वाटतं. १७०४ च्या एका निबंधात त्याने मांडलं की पुस्तकाला आधी परवाना नको. प्रत्येक पुस्तकावर लेखकाचं नाव असावं. गुन्हा असेल तर त्या नावाला धरा. पण मग पुस्तकाचा फायदाही त्याच नावाचा. ज्या गोष्टीची मिळकत माझी मानत नाही, तिची शिक्षा मला कोणत्या तोंडाने देता?

जबाबदारी आणि मालकी, दोन्हींचा सातबारा एकाच नावावर! लेखक ही व्यक्ती कायद्याच्या नजरेत उभी राहतेय ती इथे, खोड्यातून नुकत्याच सुटलेल्या माणसाच्या युक्तिवादात.

स्टेशनर्स कंपनी एवढी वर्षं परवान्याचा कायदा परत आणा म्हणून खेटे घालत होती. दर वेळी विधेयक पडायचं, कारण परवाना-अधिकारी कोणत्या पक्षाचा यावर एकमत होणं अशक्य होतं. शेवटी विक्रेत्यांनी सूर बदलला. सेन्सॉरचं नाव टाकलं आणि लेखकाचं नाव पुढे केलं. बिचारे लेखक, त्यांची बायकामुलं, चोरट्या छपाईने देशोधडीला लागताहेत! ही करुणा किती खरी होती ते सोडा. लेखकाकडून हक्क विकत घेणारे तेच होते. पण शब्द तोंडातून बाहेर पडले की ते बोलणाऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत.

आता १७१० च्या वसंतात चला. ५ नोव्हेंबर १७०९ रोजी सेंट पॉल चर्चमध्ये हेन्री सॅशेव्हरेल नावाच्या धर्मगुरूने घणाघाती प्रवचन दिलं होतं. सरकार व्हिगांचं होतं, आणि पंथ सोडून गेलेल्यांना पाठीशी घालणारे ते घरभेदी आहेत असा त्याचा रोख होता. प्रवचन छापलं गेलं. हजारभर प्रतींची आवृत्ती मोठी मानली जाण्याच्या त्या दिवसांत याच्या लाखभर प्रती खपल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. संतापलेल्या सरकारने थेट पार्लमेंटमध्ये खटला भरला. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये प्रेक्षकांसाठी लाकडी बैठका उभारल्या त्या ख्रिस्तोफर रेनने. हे प्रवचन जिथे झालं ते सेंट पॉल बांधणाराही तोच! १ मार्चच्या रात्री सॅशेव्हरेलच्या पाठीराख्यांनी लंडनमध्ये विरोधी पंथांची प्रार्थनागृहं फोडली आणि आतली बाकं-व्यासपीठं रस्त्यावर आणून जाळली.

तारखा शेजारी-शेजारी ठेवा. २७ फेब्रुवारी : खटला सुरू. १४ मार्च : कॉमन्स सभेत पुस्तकांवरच्या हक्काचं विधेयक मंजूर. २० मार्च : लॉर्डांनी ६९ विरुद्ध ५२ मतांनी सॅशेव्हरेलला दोषी ठरवलं, आणि काही दिवसांतच ते प्रवचन सरकारी जल्लादाच्या हातून जाळलं गेलं. ५ एप्रिल : विधेयकावर राणी अ‍ॅनची मोहोर. १० एप्रिल : कायदा लागू.

तेच पार्लमेंट, तेच लोक. एका हाताने छापील शब्द जाळत होते आणि दुसऱ्या हाताने जगातला पहिला कॉपीराइट कायदा लिहीत होते. एकाच महिन्यात!

कायदा उघडून बघितला तर थक्क व्हायला होतं. मूळ मसुद्यात हक्काला मुदत नव्हती. तो कायमचा असावा अशी विक्रेत्यांची इच्छा. पार्लमेंटने मुदत घातली : नव्या पुस्तकाला १४ वर्षं, लेखक तेव्हा हयात असेल तर आणखी १४. जुन्या पुस्तकांना २१. शीर्षकात आधी हक्क 'शाबूत राखण्याची' भाषा होती, ती बदलून 'बहाल करण्याची' केली. शाबूत राखायचं म्हणजे हक्क आधीपासून होता. बहाल करायचं म्हणजे आम्ही देतोय, म्हणून काढूही शकतो. चोरटी प्रत सापडली तर दर कागदामागे एक पेनी दंड, अर्धा राणीला, अर्धा तक्रार करणाऱ्याला. पुस्तक फार महाग विकलं तर कोणाकडे दाद मागायची तेही लिहिलं. आणि प्रत्येक पुस्तकाच्या नऊ प्रती नऊ ग्रंथालयांना द्यायच्या.

आणि जे नाही ते? पुस्तकात काय लिहिलंय, याबद्दल एक अक्षर नाही. नोंद त्याच कंपनीच्या त्याच सभागृहात करायची होती. पण आता नोंदीसाठी कोणाची मंजुरी लागत नव्हती. टोरी असो, व्हिग असो, प्रवचन असो नाहीतर पाकक्रिया, १४ वर्षं तुमची. दीडशे वर्षांत पहिल्यांदा त्या एका कुलपाच्या दोन किल्ल्या झाल्या.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत टोरींनी व्हिगांचा धुव्वा उडवला, मोठ्या प्रमाणात त्या जाळलेल्या प्रवचनाच्या जोरावर. व्हिगांचा हा कायदा मात्र टोरींनी तसाच ठेवला.

पण विक्रेते १४ वर्षांवर समाधान मानणार होते थोडेच! मिल्टनचे पाच पौंड आठवतात? 'पॅरडाइज लॉस्ट'चे हक्क फिरत फिरत जेकब टॉन्सन या व्हिग गोटातल्या प्रकाशकाकडे आले आणि त्याच्या घराण्याने त्यावर भरपूर कमावलं. कायद्याची मुदत संपल्यावरही त्यांचं म्हणणं असं की कायदा काहीही म्हणो, मालकी ही निसर्गदत्त आणि कायमची. आंब्याच्या झाडाची मालकी १४ वर्षांनी संपते का?

एडिंबराचा अलेक्झांडर डोनाल्डसन मुदत संपलेली पुस्तकं स्वस्तात छापायचा. त्याने थेट लंडनमध्ये दुकान थाटलं. भांडण पोचलं लॉर्डांच्या सभेत, आणि तिथे दोन न्यायाधीशांची जुनी चुरस आडवी आली.

एक लॉर्ड मॅन्सफील्ड. १७६९ मध्ये त्याने निकाल दिला होता की लेखकाचा हक्क कायमचा. राजद्रोही लिखाणाच्या खटल्यात त्याचं मत असं : ज्युरीने एवढंच सांगायचं की हे छापलं का. ते राजद्रोही आहे की नाही, ते न्यायाधीश ठरवणार.

दुसरा लॉर्ड कॅम्डेन. १७६३ मध्ये जॉन विल्क्स या खासदाराने आपल्या पत्राच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणाचे वाभाडे काढले, तेव्हा सरकारने कोणाचंही नाव न घालता अटकेचं एक सरसकट वॉरंट काढलं आणि ४९ जणांना उचललं. विल्क्सला मोकळं करणारा न्यायाधीश कॅम्डेन. आणि १७६५ मध्ये, दुसऱ्या एका लेखकाच्या घरातले कागद सरकारी माणसांनी उचलले तेव्हा त्याने निकाल दिला की असा अधिकार मंत्र्याला नाहीच. ही झडतीची सवय आली कुठून याचा माग तो स्टार चेंबर आणि मेलेल्या परवाना कायद्यापर्यंत घेऊन गेला. ट्विनच्या दारावरची ती थाप शंभर वर्षांनी एका न्यायालयात ऐकू आली.

हाच कॅम्डेन २२ फेब्रुवारी १७७४ रोजी लॉर्डांच्या सभेत उभा राहिला आणि कायमच्या कॉपीराइटवर तुटून पडला. ज्ञान टॉन्सनसारख्यांच्या तिजोरीत कोंडायचं का, हा त्याचा सवाल. मॅन्सफील्ड समोर बसला होता, स्वतःचा निकाल पणाला लागलेला. तो एक शब्दही बोलला नाही. कायमचा हक्क त्या दिवशी संपला. एडिंबरात लोकांनी होळ्या पेटवून आनंद साजरा केला. पुढच्या दहा वर्षांत जॉन बेल नावाच्या प्रकाशकाने इंग्रजी कवींची १०९ छोटी, स्वस्त पुस्तकं काढली. आणि कॅम्डेन? १७९२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, राजद्रोही काय ते ज्युरीच ठरवील असा कायदा करून घेण्यात तो पुढे होता. झडती, कॉपीराइट, ज्युरी : हयातभर तो एकच प्रश्न विचारत होता. छापलेल्या शब्दावर ताबा कोणाचा, आणि किती काळ?

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९५२ मध्ये केरळात तोप्पिल भासी यांचं 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की' हे नाटक आलं. 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत' असा त्याचा अर्थ. गावोगाव ते गाजलं आणि पक्षाच्या उभारणीशी त्याचं नाव जोडलं गेलं. १९५७ मध्ये तिथे कम्युनिस्ट सरकार आलं. चार दशकांनी सिविक चंद्रन यांनी उत्तरादाखल दुसरं नाटक लिहिलं, 'तुम्ही कोणाला कम्युनिस्ट केलंत?' जुनीच पात्रं, जुनेच काही संवाद, आणि त्यांना आता विचारलेला जाब. भासींचे वारस कॉपीराइटचा भंग म्हणून न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने प्रयोग रोखले. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मनाई उठवली. किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि मूळ नाटकाचा प्रेक्षक हे पळवणार आहे का, असे तीन प्रश्न न्यायालयाने विचारले. टीकेसाठी घेतलं असेल तर घेऊ द्या. डिफो हे ऐकायला हवा होता.

आता आपल्या पानावरची दुसरी ओळ. १८४७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने हिंदुस्थानात पहिला कॉपीराइट कायदा आणला, त्यातून पहिली ओळ आली. वीस वर्षांनी, १८५७ च्या उठावाची आठवण ताजी असताना, १८६७ चा २५ वा कायदा आला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण वाचता येईल असं छापलेलं असलं पाहिजे. १६६२ च्या त्या लंडनच्या कायद्यातलं कलम दोनशे वर्षांनी गिरगावात आणि बुधवार पेठेत लागू होतं. पत्ता होता तो सरकारसाठी. गरज पडली तर दार कुठलं ठोठावायचं ते कळावं म्हणून.

त्याच कायद्याने पुस्तकांच्या प्रती सरकारात भरायला लावल्या, आणि दर तिमाहीला मुंबई इलाख्यात काय काय छापलं त्याची यादी निघू लागली. पुस्तकाचं नाव, लेखक, छापखाना, पानं, प्रती, किंमत. जी पुस्तकं पुढे वाळवीने खाल्ली, पुरात गेली, रद्दीत गेली, त्यातल्या कित्येकांची खूण आज या याद्यांत उरली आहे. शेक्सपिअरचा अभ्यासक स्टेशनर्सच्या वहीत बोट फिरवतो, तसा जुन्या मराठी पुस्तकांचा शोध घेणारा या याद्यांत. पाळत ठेवणाऱ्यांनी इतकं नीटनेटकं लिहून ठेवलं, म्हणून.

१ मार्च २०२४ पासून १८६७ चा कायदा गेला. त्याच्या जागी आलेला नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तकं त्याने सोडून दिली. मुद्रकाच्या नावाची ती जुनी सक्ती त्याबरोबर संपली. तरी यंदा छापलेलं एखादं मराठी पुस्तक घ्या आणि शीर्षकपान उलटा. छापखान्याचं नाव बहुधा तिथेच असेल.